चित्र मुंबईला, आवाज परत अंतरवालीला

29 ऑगस्ट 2023 रोजी मनोज जरांगे पाटील मराठा आरक्षणासाठी जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीत उपोषणाला बसले. 1 सप्टेंबरला तिथे लाठीमार झाला आणि अंबड तालुक्यातलं हे लहानसं गाव मराठी वृत्तवाहिन्यांचं रोजचं ठिकाण झालं. 14 सप्टेंबरला तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे तिथे गेले, उपोषण सुटलं; महिनाभराने, 14 ऑक्टोबरला, त्याच गावात प्रचंड सभा झाली. रस्त्याकडेला उभ्या ओबी व्हॅन, पाठीवरच्या बॅगेतून चित्र पाठवणारे वार्ताहर हे दृश्य सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. पण अंतरवालीचं चित्र मुंबईतल्या इमारतीत पोचल्यावर कोणत्या वाटेने फिरतं आणि स्टुडिओतल्या निवेदिकेचा प्रश्न वार्ताहराच्या कानात कसा परत जातो, हे ज्या यंत्रावर ठरतं ते पडद्यावर कधी दिसत नाही. ते यंत्र म्हणजे प्रसारणातला राउटर. घरातल्या वायफायच्या डब्याशी त्याचा काही संबंध नाही.

त्याचं काम सांगायला सोपं आहे. एका बाजूला येणारे सिग्नल, म्हणजे सोर्स: कॅमेरे, ओबीची फीड, ग्राफिक्सचं मशीन, रेकॉर्डिंग वाजवणारा सर्व्हर. दुसऱ्या बाजूला जाणाऱ्या वाटा, म्हणजे डेस्टिनेशन: पडद्यावर कोणतं चित्र जाणार ते निवडणारा स्विचर, मॉनिटर, रेकॉर्डर, प्रक्षेपणाची शेवटची लाइन. कोणताही सोर्स कोणत्याही डेस्टिनेशनला जोडता आला पाहिजे. जायकवाडी धरणाच्या डाव्या कालव्यातून एका चारीला पाणी जास्त सोडलं तर दुसरीला कमी पडतं. राउटरमध्ये तसं होत नाही. अंतरवालीची एक फीड वीस ठिकाणी दिली तरी विसाव्या ठिकाणी ती पहिल्याइतकीच भरघोस मिळते. मात्र एका डेस्टिनेशनला एका वेळी एकच सोर्स. कोणी नवा सोर्स दिला की आधीचा विचारपूस न करता सुटतो. पॅनेलवरची बहुतेक भांडणं याच एका नियमातून निघतात.

येणारी आणि जाणारी वाट जिथे जुळते त्याला क्रॉसपॉइंट म्हणतात. 16 बाय 16 च्या राउटरमध्ये असे 256 जोड असतात, 288 बाय 288 मध्ये 82,944. दोन्ही बाजू दुप्पट केल्या की जोड चौपट होतात, किंमतही त्याच अंगाने चढते. म्हणून मोठ्या केंद्रांत एकच अवाढव्य राउटर घेण्याऐवजी दोन मध्यम राउटर घेऊन त्यांच्यात काही केबल टाकतात. या टाय-लाइन. त्या मोजक्या असतात आणि कामाच्या ऐन गर्दीत संपतात. टाय-लाइन संपली की पॅनेलवर बटण दाबलं जातं, पण चित्र येत नाही, आणि ऑपरेटरला कारणही कळत नाही. माझ्या मते पैसे वाचवण्याची ही सगळ्यात महागडी रीत आहे. दोन राउटर घ्यायचेच असतील तर एक वृत्तविभागाला आणि एक प्रक्षेपणाला, अशी कामाची वाटणी आधी करावी, म्हणजे टाय-लाइन थोड्या पुरतात.

मराठी प्रसारणात या यंत्राची गरज वाढत गेली ती सिग्नलची दिशा उलटल्यामुळे. 2 ऑक्टोबर 1972 ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं, तेव्हा चित्र मुंबईत तयार होऊन बाहेर जात असे. पुढे म्हैसमाळच्या डोंगरावरच्या मनोऱ्यावरून मराठवाड्याला दूरदर्शन दिसू लागलं. मराठवाड्याने पाहायचं, मुंबईने दाखवायचं. स्टुडिओतले चार-सहा सोर्स जोडायला पॅच पॅनेल आणि त्यातल्या आखूड दोऱ्या पुरत होत्या. 2007 मध्ये झी 24 तास आणि स्टार माझा, 2008 मध्ये आयबीएन लोकमत आलं आणि चोवीस तास बातम्यांचा काळ सुरू झाला. आता चित्र जालन्याहून मुंबईला जाऊ लागलं, तेही एकट्या जालन्याहून नाही. 4 जून 2024 च्या लोकसभा मतमोजणीचा दिवस घ्या. महाराष्ट्रात 48 मतदारसंघ. जालन्यात कल्याण काळे आणि रावसाहेब दानवे यांच्यातली लढत साऱ्या राज्याला पाहायची होती, आणि अशा लढती त्या दिवशी ठिकठिकाणी चालू होत्या. अशा दिवशी एमसीआरमध्ये, म्हणजे मास्टर कंट्रोल रूममध्ये, बाहेरून येणाऱ्या फीड पॅनेलवरच्या बटणांपेक्षा जास्त होतात.

इथून खरा प्रश्न सुरू होतो. राउटर विकत घेणं अवघड नाही. तो बसवणं म्हणजे नावं ठरवणं आणि कोणाच्या हातात काय द्यायचं ते ठरवणं. हे काम केबल टाकण्याआधी कागदावर करायचं असतं आणि नेमकं तेच शेवटच्या रात्रीवर ढकललं जातं.

नावांचं उदाहरण पाहू. बॅगेतला एखादा ट्रान्समीटर मुंबईतल्या सातव्या रिसीव्हरवर उतरतो. इंजिनिअर त्या सोर्सला ‘एलयू 7’ म्हणतो, कारण मशीन बिघडलं तर त्याला सातव्या नंबरकडेच धावायचं आहे. प्रोड्यूसरला ‘एलयू 7’शी देणंघेणं नाही, त्याला ‘अंतरवाली’ हवं. तीच बॅग संध्याकाळी वडीगोद्रीला गेली तर नाव बदलायला हवं आणि बदललं नाही तर पडद्यावर चुकीच्या गावाची पट्टी झळकते. यावर चांगला उपाय दोन नावांचा. एक कायमचं तांत्रिक नाव, जे केबलच्या दोन्ही टोकांवर आणि राउटरच्या मागच्या सॉकेटवर असेल. दुसरं रोजचं नाव, जे फक्त पॅनेलवर आणि मल्टिव्ह्यूअरच्या, म्हणजे अनेक चित्रं एकत्र दाखवणाऱ्या पडद्याच्या, चौकटीखाली दिसेल आणि जे असाइनमेंट डेस्कवरच्या एकाच माणसाने बदलायचं. मल्टिव्ह्यूअरखालची नावं आणि लाल दिव्याची खूण पोचवायला टीएसएलचा प्रोटोकॉल सर्रास वापरतात. तो राउटरच्या कंट्रोल सिस्टिमला जोडलेला नसेल तर पॅनेलवर नाव बदलतं आणि मॉनिटरखाली जुनंच राहतं. तेव्हा चूक होणारच.

आपल्याकडे याला आणखी एक गाठ आहे. प्रो-बेलच्या काळापासून चालत आलेल्या कंट्रोल प्रोटोकॉलमध्ये नावांना चार, आठ किंवा बारा अक्षरांची मर्यादा असते, आणि जुन्या पॅनेलांच्या इवल्या पडद्यांवर देवनागरी उमटत नाही. त्यामुळे मराठी वृत्तविभागातही बटणांवर रोमन अक्षरं असतात. रोमन लिपीत जालना आणि जळगाव यांची पहिली तीन अक्षरं एकच आहेत. चार अक्षरी बटणावर या दोन जिल्ह्यांत फरक राहतो तो शेवटच्या एका अक्षराचा, आणि तो मध्यरात्री थकलेल्या डोळ्यांना ओळखायचा असतो. पॅनेलवर ही दोन बटणं शेजारी ठेवू नयेत, रंगही वेगळे द्यावेत. नव्या पॅनेलांच्या रंगीत बटणांवर देवनागरीही लिहिता येते. तिथे मी निःसंकोच मराठीत लिहीन.

पॅनेल दोन जातींची. एका जातीत आधी डेस्टिनेशन निवडायचं, मग सोर्स, मग ‘टेक’ दाबायचं. एमसीआरच्या इंजिनिअरला हे हवं, कारण त्याला सगळीकडे पोचायचं असतं. दुसऱ्या जातीत डेस्टिनेशन ठरलेलं, प्रत्येक बटण एक सोर्स, दाबलं की लगेच बदल. ग्राफिक्सवाल्याचा प्रिव्ह्यू मॉनिटर, ध्वनी विभागाचा मॉनिटर यांना हे पुरेसं. बाजारात एकच पॅनेल दोन्ही रीतींनी चालवता येणारंही मिळतं. खरेदीच्या यादीत सगळ्यांसाठी सारखीच मोठी पॅनेलं घेण्याचा मोह होतो. तो टाळावा. इंजेस्टच्या, म्हणजे बाहेरच्या फीड रेकॉर्ड करणाऱ्या, टेबलावरून प्रक्षेपणाची लाइन बदलता येत असेल तर एक दिवस ती बदललीच जाईल, कोणाच्याही वाईट हेतूशिवाय. प्रत्येक पॅनेलला फक्त स्वतःची डेस्टिनेशनं दिसावीत. बाकीची बंद केलेली नकोत, मुळात नसावीतच.

त्याच्या वर ‘लॉक’ आणि ‘प्रोटेक्ट’. सर्वसाधारणपणे प्रोटेक्ट केलेलं डेस्टिनेशन ज्याने प्रोटेक्ट केलं त्यालाच बदलता येतं. लॉक केलेलं कोणालाच नाही, आधी लॉक काढावा लागतो. मुख्यमंत्र्यांचं भाषण रेकॉर्ड होत असताना रेकॉर्डरची लाइन प्रोटेक्ट करणं ही सवय झाली पाहिजे. आणि एका दाबात अनेक जोड बदलायचे असतील तर सॅल्व्हो. बुलेटिन संपून चर्चेचा कार्यक्रम सुरू होताना वीस मॉनिटर, चार रेकॉर्डर आणि परतीचे आवाज एका बटणावर बदलतात. सॅल्व्हो लिहिणाऱ्याने त्यात काय काय आहे ते कागदावर लिहून पॅनेलखाली चिकटवावं.

चित्राबद्दल इतकं पुरे. खरा त्रास आवाजाचा आहे आणि या विषयावरच्या चर्चेत त्याला हमखास कमी जागा मिळते.

ओबी व्हॅनमधून उपग्रहामार्गे येणारा सिग्नल साधारण 36,000 किलोमीटर वर जातो आणि तितकाच खाली येतो. त्यातच पाव सेकंद जातो. एन्कोडिंग, डीकोडिंग धरून विलंब आणखी वाढतो. मोबाइलची अनेक सिमकार्डं एकत्र करून पाठवणाऱ्या बॅगेचा विलंब बहुधा त्याहून जास्त. आता समजा, अंतरवालीतल्या वार्ताहराच्या कानात वाहिनीचा प्रक्षेपित आवाज जसाच्या तसा परत दिला. तो बोलेल आणि सेकंदभराने स्वतःचाच आवाज ऐकेल. असं ऐकत माणूस दोन वाक्यंसुद्धा सरळ बोलू शकत नाही. जीभ अडखळते, मग तो इअरफोन काढून फेकतो आणि स्टुडिओचा पुढचा प्रश्न त्याला ऐकू येत नाही. म्हणून त्याच्याकडे जाणाऱ्या आवाजात बाकी सगळं असतं, फक्त त्याचा स्वतःचा आवाज नसतो. याला मिक्स-मायनस किंवा एन-वजा-एक म्हणतात.

एक वार्ताहर असेल तर हे सोपं. पण चर्चेत अंतरवाली, मुंबई मंत्रालय, पुणे आणि छत्रपती संभाजीनगर असे चार जण असतील तर चार वेगळी मिक्स लागतात, प्रत्येकातून वेगळा माणूस वजा. ती ध्वनी मिक्सरवर तयार होतात आणि ऑडिओ राउटरमधून परतीच्या लाइनवर जातात. संभाजीनगरचं मिक्स चुकून अंतरवालीला गेलं तर त्यात अंतरवालीवाल्याचा स्वतःचा आवाज असतोच, आणि तो अडखळतो. स्टुडिओतल्यांना वाटतं नेटवर्क खराब आहे. नेटवर्क ठीक असतं, पॅनेलवरचा एक जोड चुकलेला असतो. ‘नेटवर्क नाही’ म्हणून ज्या वार्ताहरांना पडद्यावरून घाईघाईने हटवलं जातं, त्यांतले काही या चुकीचे बळी असतात असं मला मनापासून वाटतं आणि वाईट वाटतं. तासन् तास उन्हात उभं राहून मिळालेली त्यांची दोन मिनिटं अशी जातात.

उपाय राउटरच्याच हाती आहे. प्रत्येक बाहेरच्या सोर्सला त्याची परतीची लाइन कायमची बांधून टाकायची. पीसीआरमध्ये, म्हणजे कार्यक्रमाच्या कंट्रोल रूममध्ये, कोणी ‘अंतरवाली’ चौथ्या चौकटीत घेतलं की त्याच दाबात चौथ्या चौकटीचं मिक्स-मायनस अंतरवालीच्या परतीच्या लाइनला गेलं पाहिजे. हे जोडकाम कंट्रोल सिस्टिममध्ये एकदा नीट लिहून ठेवलं की ऑपरेटरला त्याचा विचारच करावा लागत नाही. जुन्या केंद्रांत परतीचा आवाज अजूनही फोनच्या कॉलवर देतात. त्यात गैर काही नाही, उलट मोबाइलचं नेटवर्क बरं असेल तर फोनचा विलंब कमी असतो. मात्र तो फोनही राउटरमध्ये एक डेस्टिनेशन म्हणून आला पाहिजे, टेबलावर बाजूला पडलेला नको.

दुसरी गोष्ट चॅनेलांची. एसडीआय, म्हणजे प्रसारणातल्या नेहमीच्या व्हिडिओ सिग्नलच्या, केबलमधून चित्रासोबत आवाजाचे 16 चॅनेल जाऊ शकतात. बाहेरची फीड पाठवताना पहिल्या चॅनेलवर वार्ताहराचा माइक आणि दुसऱ्यावर आजूबाजूचा आवाज, हा करार प्रत्येक ओबीने पाळला तर स्टुडिओत सभेची घोषणा वार्ताहराच्या मागे मंद ठेवता येते. नाही पाळला तर ध्वनी अभियंता ऐन थेट प्रक्षेपणात शोधत बसतो. त्यात बाहेरून येणारा सिग्नल केंद्राच्या घड्याळाशी जुळलेला नसतो, म्हणून तो राउटरच्या आधी फ्रेम सिंक्रोनायझरमधून न्यावा लागतो. न नेल्यास बदलाच्या क्षणी चित्र उडी मारतं. आपल्या 25 फ्रेमच्या पद्धतीत चित्र एक फ्रेम थांबलं की 40 मिलिसेकंद मागे पडतं. आवाज वेगळ्या वाटेने गेला असेल तर त्यालाही तेवढंच थांबवावं लागतं. अशा तीन-चार पेट्या एकामागून एक आल्या की ओठ आणि शब्द यांची ताटातूट घरच्या प्रेक्षकालाही कळते.

आता जालना जिल्ह्यातच, वाहिन्यांच्या बाहेर, हे तंत्र कुठे लागतं ते पाहू. राजूरच्या गणपतीला अंगारकीची गर्दी, समर्थ रामदासांच्या जांब समर्थमधली रामनवमी, गावोगावचे हरिनाम सप्ताह. कीर्तनाचं अनेक कॅमेऱ्यांतून चित्रीकरण, मंडपात एलईडी भिंती आणि यूट्यूबवर थेट प्रक्षेपण हे आता नित्याचं झालं आहे. बहुतेक ठिकाणी एक लहान स्विचर असतो आणि त्याचं एकच चित्र सगळीकडे जातं. पण मंडपात मागे बसलेल्या आजींना कीर्तनकार महाराजांचा चेहरा मोठा हवा असतो आणि घरी मोबाइलवर पाहणाऱ्याला अधूनमधून टाळकरी, गर्दी, विठ्ठलाची मूर्ती. इथे 10 बाय 10 चा छोटा राउटर मोठा फरक करतो. एलईडीला महाराजांचा कॅमेरा कायम जोडून ठेवायचा, यूट्यूबला स्विचरचं चित्र द्यायचं, रेकॉर्डिंगला दोन कॅमेरे स्वच्छ, पट्ट्यांशिवाय.

अशा मंडपात एचडीएमआयच्या मागे लागू नये. पायात अडकून निसटणारी केबल आणि दहा-पंधरा मीटरनंतर दगा देणारा सिग्नल हे सप्ताहात परवडत नाही. 75 ओहमची चांगली कोॲक्स केबल आणि फिरवून घट्ट बसणारा बीएनसी वापरला तर एचडी चित्र जवळपास शंभर मीटर जातं. त्यात एचडीएमआयवरून सेट टॉप बॉक्सचं चित्र घ्यायला गेलं तर कॉपी-संरक्षणामुळे पडदा काळा राहतो, आणि दोष राउटरला दिला जातो.

आवाज मंडपवाल्याच्या मिक्सरमधून घ्यावा, पण त्याच्या मुख्य आउटपुटवरून नको. मंडपात पखवाज मुळातच दणदणीत ऐकू येतो म्हणून तो मिक्सरवर कमी ठेवलेला असतो. तेच मिश्रण यूट्यूबला गेलं तर पखवाज हरवतो. वेगळ्या ऑक्स आउटपुटवरून वेगळं मिश्रण घ्यायला हवं, आणि मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर. तो नसेल तर जनरेटरची पन्नास हर्ट्झची गुणगुण पूर्ण अभंगभर साथ करते. एक गोष्ट मात्र इथे आपल्या बाजूने आहे: हवेतून आवाजाला 34 मीटर जायला सेकंदाचा दहावा भाग लागतो, आणि एलईडी भिंतीचं चित्रही दोन-तीन फ्रेम उशिरा उमटतं. त्यामुळे मुख्य स्पीकरपासून तीस-पस्तीस मीटरवर बसलेल्याला ओठ आणि शब्द आपोआप जुळलेले दिसतात.

इतक्या लहान मांडणीला महागडं पॅनेलही लागत नाही. बिटफोकसचं कम्पॅनियन हे मोफत सॉफ्टवेअर रास्पबेरी पायसारख्या छोट्या संगणकावर चालतं आणि स्ट्रीम डेकच्या बटणांवरून राउटर, स्विचर, दोन्ही हलवतं. ब्लॅकमॅजिकचा व्हिडिओहब तर नेटवर्कच्या 9990 या पोर्टवर साध्या मजकुरात बोलतो. फक्त तिथे मोजणी शून्यापासून आहे. ‘0 5’ अशी ओळ पाठवली तर त्याचा अर्थ पहिल्या आउटपुटला सहावा इनपुट. पेटीच्या मागे सॉकेटवर मात्र 1 पासून आकडे छापलेले असतात. स्वतः आज्ञा लिहिणाऱ्या मुलांनी ही ओळ भिंतीवर लावून ठेवावी.

मोठ्या केंद्रांत सध्या वाद आहे तो केबल ठेवायची की सगळं नेटवर्कवर न्यायचं, याचा. 2017 मध्ये एसटी 2110 या मानकाचे पहिले भाग आले. त्यात चित्र, आवाज आणि पूरक माहिती वेगवेगळ्या प्रवाहांत जातात, आणि राउटरचं काम नेटवर्क स्विच करतात. चित्र एकीकडून आणि आवाज दुसरीकडून घेणं त्यात फार सोयीचं आहे. पण सगळ्या यंत्रांना एकच काटेकोर घड्याळ लागतं, आणि ते चुकलं तर बिघाड एका केबलपुरता राहत नाही, पूर्ण इमारतीत पसरतो. ज्या केंद्रात रात्रपाळीला नेटवर्क जाणणारा माणूस नाही तिथे हे बसवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. जिल्ह्याच्या पातळीवर आजही एसडीआयच योग्य. केबल काढून तपासता येते. एनडीआय, म्हणजे साध्या संगणक-नेटवर्कवरून चित्र नेण्याची पद्धत, एका खोलीत, वेगळ्या स्विचवर चालतं. फुल एचडीच्या एका प्रवाहाला सव्वाशे मेगाबिटच्या आसपास जागा लागते, त्यामुळे मंडपाच्या वायफायवर त्याची आशा धरू नये.

बसवून झाल्यावर तपासणीत बहुतेक जण प्रत्येक इनपुटवर रंगपट्टे आणि एक किलोहर्ट्झचा सूर देऊन तो प्रत्येक आउटपुटवर पाहतात. ते आवश्यक आहेच. त्यानंतर प्रत्येक पॅनेलवर जाऊन, जे त्याला करता येऊ नये ते करून पाहावं. मग पॅनेलांच्या नेटवर्कची केबल काढावी: राउटरने शेवटचे जोड तसेच धरून चित्र चालू ठेवलं पाहिजे. मग राउटरची वीज काढून पुन्हा द्यावी: तो आधीच्याच जोडांवर उठतो की सगळ्यांना पहिला इनपुट देतो, हे भारनियमनाच्या भागात आधीच माहीत असायला हवं. प्रक्षेपणाच्या शेवटच्या लाइनवर राउटरला वळसा घालणारा एक साधा बदल-स्विच हवाच; तो हाताने फिरणारा असावा, सॉफ्टवेअरवर अवलंबून नको.

आणि बाहेरच्या फीडचे दोन मार्ग. फेब्रुवारी 2024 मध्ये अंबड तालुक्यात संचारबंदी लागली आणि जालना, बीड, छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांत काही तास इंटरनेट बंद झालं. मोबाइल इंटरनेटवर चालणाऱ्या बॅगा अशा वेळी, नेमकी बातमी असते तिथूनच, मुक्या होतात. चित्र पाठवू शकते ती उपग्रहाची छत्री असलेली गाडी. त्यामुळे अंतरवालीसारख्या ठिकाणाला राउटरमध्ये दोन इनपुट द्यावेत, एक बॅगेचा आणि एक उपग्रहाचा, पॅनेलवर शेजारी-शेजारी. दोघांना परतीची एकच लाइन बांधू नये. बॅग बंद पडली तर तिच्या मार्गाने जाणारा परतीचा आवाजही बंद पडतो. परतीचा दुसरा मार्ग साध्या फोन कॉलचा ठेवावा आणि तो उपग्रहाच्या इनपुटच्या सॅल्व्होत लिहावा, म्हणजे उपग्रहाच्या बटणावर बोट पडताच स्टुडिओचा प्रश्न वार्ताहराच्या कानात पोचेल.